चानोयू

चानोयू (अन्य नावे: सादो, चादो) ही जपानमधील पारंपरिक चहाविधीची कला आहे. सावलीत वाढवलेली चहाची पाने वाफवून, वाळवून दगडी जात्यावर दळली जातात. या हिरव्या पुडीस माचा म्हणतात. यजमान ही पूड गरम पाण्यात घोटून पाहुण्यांना विधिपूर्वक देतो आणि पाहुणे ती तितक्याच विधिपूर्वक स्वीकारतात. बांधकाम, बागकाम, मृत्तिकाशिल्प, सुलेखन, पुष्परचना, पाककला अशा अनेक कलांचा संगम चानोयूत होतो. या विधीत पाहुणा प्रेक्षक नसतो. यजमानाच्या प्रत्येक कृतीला पाहुण्याची ठरलेली प्रतिकृती असते आणि दोघांच्या सहभागावाचून विधी पूर्ण होत नाही. त्यामुळे चानोयूचे शिक्षण घेणारा विद्यार्थी चहा करण्यापूर्वी बहुधा पाहुणा होण्यास शिकतो.

नाव

'चानोयू' या शब्दाचा शब्दशः अर्थ 'चहासाठीचे गरम पाणी' असा आहे. 'सादो' किंवा 'चादो' म्हणजे 'चहाचा मार्ग'. यातील 'दो' हे पद जूदो, केंदो या शब्दांतही आढळते. आयुष्यभर करावयाची साधना असा अर्थ त्यातून सूचित होतो. जपानी 'चा' आणि मराठी 'चहा' या दोन्ही शब्दांचे मूळ चिनी भाषेत आहे. चानोयूवर ज्या झेन पंथाचा खोल प्रभाव आहे, त्या 'झेन' शब्दाचे मूळ मात्र संस्कृतातील 'ध्यान' हे आहे. तो चिनी भाषेतील 'चान' या रूपामार्गे जपानीत गेला.

इतिहास

उगम

जपानमधील चहापानाची जुनी लिखित नोंद 'निहोन कोकी' या इतिवृत्तात आहे. इ.स. ८१५ मध्ये एइचू या बौद्ध भिक्षूने सम्राट सागा यांना चहा दिल्याचे त्यात म्हटले आहे. पुढे ही प्रथा मागे पडली. भिक्षू एइसाई हे ११९१ मध्ये चीनहून परतले. त्यांनी चहाची लागवड आणि पूड घोटून पिण्याची सोंग राजवटीतील पद्धत जपानमध्ये रुजवली. १२११ मध्ये त्यांनी चहाच्या आरोग्यविषयक गुणांवर 'किस्सा योजोकी' हा ग्रंथ लिहिला. ध्यानाच्या वेळी झोप येऊ नये म्हणून झेन मठांत चहा घेतला जाई.

चौदाव्या शतकात सरदारवर्गात 'तोचा' नावाच्या स्पर्धा लोकप्रिय झाल्या. चव घेऊन चहा कोठला हे ओळखायचे आणि त्यावर पैजा लावायच्या, असे त्यांचे स्वरूप होते. अशा मेजवान्यांत चीनहून आणलेल्या महागड्या वस्तूंचे प्रदर्शन मांडले जाई. या डामडौलापासून दूर जाणारा प्रवाह मुराता जुको (१४२३–१५०२) यांच्यापासून सुरू झाला, असे मानले जाते. लहान खोली, मोजकी माणसे आणि साध्या जपानी वस्तू यांना त्यांनी महत्त्व दिले. साकाई येथील व्यापारी ताकेनो जोओ (१५०२–१५५५) यांनी ही दृष्टी पुढे नेली. अपुरे, साधे आणि जुने यांत सौंदर्य पाहणाऱ्या या दृष्टीला 'वाबी' असे नाव आहे.

सेन नो रिक्यू

चानोयूला आजचे रूप देण्याचे श्रेय जोओंचे शिष्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांना दिले जाते. साकाई येथील व्यापारी कुटुंबात जन्मलेले रिक्यू प्रथम ओदा नोबुनागा आणि नंतर तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशांचे चहागुरू झाले. १५८५ मध्ये हिदेयोशीने राजवाड्यात सम्राट ओगिमाची यांना चहा दिला. त्या प्रसंगाच्या निमित्ताने 'रिक्यू' हे नाव त्यांना सम्राटाकडून मिळाले. १५८७ मध्ये क्योतोतील कितानो देवस्थानाच्या परिसरात हिदेयोशीने सामान्य जनांनाही खुला असलेला भव्य चहामेळा भरवला. तो दहा दिवस चालायचा होता, पण पहिल्या दिवसानंतर बंद करण्यात आला.

हिदेयोशीने सोन्याने मढवलेली, सुटी करून हलवता येणारी चहाची खोली बनवून घेतली होती. याउलट, क्योतोजवळील यामाझाकी येथील 'ताईआन' ही रिक्यूंच्या नावे ओळखली जाणारी खोली अवघ्या दोन तातामी चटयांची आहे. तिच्या भिंती मातीच्या असून ती आज जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे. कौले बनवणाऱ्या कुटुंबातील चोजिरो या कारागिराकडून रिक्यूंनी चाकाविना, हाताने घडवलेले काळे व तांबडे वाडगे करवून घेतले. त्यातून राकू ही मृत्तिकाशैली जन्मली.

१५९१ मध्ये हिदेयोशीने रिक्यूंना आत्महत्येची (सेप्पुकू) आज्ञा दिली आणि ती त्यांनी पाळली. दाईतोकुजी मठाच्या प्रवेशद्वाराच्या वरच्या मजल्यावर रिक्यूंचा लाकडी पुतळा बसवण्यात आला होता. त्या दारातून ये-जा करणारा सत्ताधीश त्या पुतळ्याच्या पायांखालून जातो, हा अवमान ठरवण्यात आला. खरे कारण हेच होते की राजकीय वैमनस्य, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. ज्या खोलीत सर्व पाहुणे समान मानले जातात, ती कला घडवणारा गुरू सत्तेच्या रोषास बळी पडला. हा विरोधाभास चानोयूच्या इतिहासात पुन्हा पुन्हा चर्चिला गेला आहे. रिक्यूंचे शिष्य फुरुता ओरिबे यांनाही १६१५ मध्ये तशीच आज्ञा झाली.

रिक्यूंचे नातू सेन सोतान यांच्या तीन मुलांपासून ओमोतेसेंके, उरासेंके आणि मुशाकोजिसेंके ही तीन घराणी निर्माण झाली. तिन्ही घराण्यांची मुख्य पीठे आजही क्योतोत आहेत. घराण्याच्या वंशपरंपरागत प्रमुखास 'इएमोतो' म्हणतात.

परदेशी पाहुणे

चानोयूचा अनुभव घेणाऱ्या पहिल्या युरोपीय पाहुण्यांत सोळाव्या शतकातील जेझुइट धर्मप्रचारक होते. त्यांच्या पौर्वात्य कार्याचे मुख्य केंद्र गोवा होते. १५७४ मध्ये गोव्यात आलेले आणि तेथून पुढे १५७९ मध्ये जपानला पोहोचलेले आलेस्सांद्रो वालिन्यानो यांनी जपानमधील प्रत्येक जेझुइट निवासात चहाची स्वच्छ जागा आणि चानोयू जाणणारा माणूस असावा, असा नियम केला. आलेल्या माणसास रीतीने चहा देता आला नाही तर जपानी समाजात आपल्याला मान मिळणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. पोर्तुगीज धर्मप्रचारक जुआंव रोद्रिगेश यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी चानोयूचे सविस्तर वर्णन लिहिले.

१८७२ मध्ये क्योतोत भरलेल्या प्रदर्शनाच्या निमित्ताने उरासेंके घराण्याचे अकरावे प्रमुख गेंगेनसाई यांनी 'र्‍यूरेई' ही मेज-खुर्चीवरील पद्धत तयार केली. जमिनीवर बसण्याची सवय नसलेल्या परदेशी पाहुण्यांची सोय हा त्यामागील हेतू होता. १९०६ मध्ये ओकाकुरा काकुझो यांनी इंग्रजीत लिहिलेल्या 'द बुक ऑफ टी' या पुस्तकामुळे पाश्चात्त्य जगाला या कलेची ओळख झाली. त्यापूर्वी १९०२ मध्ये ओकाकुरा भारतात राहिले होते आणि रवींद्रनाथ ठाकूर यांच्या कुटुंबाशी त्यांचा स्नेह जुळला होता.

उरासेंकेचे पंधरावे प्रमुख सेन गेंशित्सू (१९२३–२०२५) दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या आत्मघाती विमानपथकात नेमले गेले होते, परंतु त्यांचे उड्डाण झाले नाही. युद्धानंतर 'चहाच्या वाडग्यातून शांतता' हा विचार घेऊन त्यांनी अनेक देशांत चानोयूचा प्रसार केला.

प्रकार

चानोयूच्या मेळाव्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत.

चाजी: हा पूर्ण विधी असून तो सुमारे चार तास चालतो. त्यात कोळसे रचणे, कैसेकी भोजन, घट्ट चहा (कोइचा) आणि पातळ चहा (उसुचा) यांचा समावेश असतो. पाहुणे बहुधा पाचापेक्षा अधिक नसतात.

चाकाई: हा तुलनेने सुटसुटीत मेळावा आहे. त्यात मिठाई आणि बहुधा पातळ चहा दिला जातो. परदेशी प्रवाशांसाठीचे अर्ध्या-एक तासाचे कार्यक्रम याच प्रकाराचे आणखी संक्षिप्त रूप असतात.

ऋतूनुसारही पद्धत बदलते. नोव्हेंबर ते एप्रिल या थंडीच्या काळात जमिनीत खोदलेल्या चुलीवर (रो) आणि मे ते ऑक्टोबर या काळात सुट्या शेगडीवर (फुरो) पाणी तापवले जाते. उन्हाळ्यात विस्तव पाहुण्यांपासून दूर राहावा आणि हिवाळ्यात जवळ असावा, हे त्यामागील सूत्र आहे.

चहागृह आणि बाग

चहागृहाकडे जाणाऱ्या बागेस 'रोजी' म्हणतात. तीत भडक फुलांची झाडे टाळली जातात आणि पाऊलवाटेवर अंतराअंतराने दगड बसवलेले असतात. काळ्या दोरीने बांधलेला छोटा दगड वाटेत ठेवलेला असल्यास त्या वाटेने जाऊ नये, असा संकेत असतो. वाटेत 'त्सुकुबाई' हे पाण्याचे दगडी पात्र असते. ते मुद्दाम बुटके ठेवलेले असते, त्यामुळे हात धुण्यासाठी व चूळ भरण्यासाठी प्रत्येकास वाकावे लागते.

प्रमाण मानली जाणारी खोली साडेचार तातामींची, म्हणजे सुमारे २.७ मीटर बाजूची चौरस असते. पारंपरिक खोलीत पाहुण्यांसाठी 'निजिरिगुची' हे सुमारे ६६ सेंटिमीटर उंचीचे लहान दार असते. त्यातून गुडघ्यांवर सरकतच आत जावे लागते. कमरेला तलवार लावून या दारातून जाणे कठीण असल्याने सामुराई आपली शस्त्रे बाहेरच्या फळीवर ठेवत. आत सरदार आणि व्यापारी यांनी बरोबरीने बसावे, हा या दाराचा आशय सांगितला जातो. खोलीतील 'तोकोनोमा' या कोनाड्यात सुलेखनपट किंवा ऋतूतील एखाददुसरे फूल असते.

उपकरणे

चावान: चहाचा वाडगा. हिवाळ्यात खोल, तर उन्हाळ्यात उथळ व पसरट वाडगे वापरण्याची रीत आहे.

चासेन: एकाच बांबूच्या तुकड्याच्या बारीक काड्या करून बनवलेली रवी. नारा प्रांतातील ताकायामा हे गाव तिच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध आहे.

चाशाकू: पूड घेण्याची बांबूची लांबट पळी. अनेक चहागुरू ती स्वतः कोरतात आणि तिला नाव देतात.

नात्सुमे व चाइरे: पुडीचे डबे. नात्सुमे बहुधा लाखेचा असून पातळ चहासाठी, तर चाइरे मातीचा असून घट्ट चहासाठी वापरतात.

कामा व हिशाकू: पाणी तापवण्याचे लोखंडी भांडे आणि बांबूचे डवले.

फुकुसा: पळी व डबा पुसण्याचा घडी केलेला रेशमी रुमाल.

पाहुण्याजवळ 'काइशी' (कागदांची घडी), मिठाई कापण्याची काडी आणि घडीचा लहान पंखा एवढे साहित्य असते. हा पंखा वारा घेण्यासाठी नसतो. नमस्कार करताना तो गुडघ्यांपुढे आडवा ठेवतात आणि आपण व समोरची व्यक्ती यांच्यातील आदराची सीमा त्याने दर्शवतात.

पूर्ण विधीचा क्रम

पाहुणे प्रथम प्रतीक्षागृहात जमतात. यजमान बागेच्या आतल्या दारापर्यंत येऊन न बोलता वाकून त्यांचे स्वागत करतो. पाहुणे हात धुऊन एकामागून एक आत जातात, कोनाड्यासमोर बसून सुलेखनपट पाहतात, चूल किंवा शेगडी पाहतात आणि आपापल्या जागी बसतात.

हिवाळ्यात यजमान आधी कोळसे रचतो व मग जेवण वाढतो. उन्हाळ्यात हा क्रम उलटा असतो. भोजनाच्या शेवटी पाहुणे आपली पात्रे कागदाने पुसून ठेवतात आणि सर्वजण एकाच वेळी चॉपस्टिक तबकात टाकतात. त्या आवाजावरून दाराआड असलेल्या यजमानास जेवण संपल्याचे कळते. मिठाई खाऊन पाहुणे थोडा वेळ बागेत जातात. तेवढ्यात यजमान खोली झाडतो आणि सुलेखनपट काढून तेथे फूल ठेवतो. घंटानाद ऐकून पाहुणे परत येतात.

त्यानंतरचा घट्ट चहा हा संपूर्ण विधीचा गाभा होय. या वेळी संभाषण जवळजवळ नसतेच. माणशी सुमारे चार ग्रॅम पूड घेऊन चहा घोटण्याऐवजी मळल्यासारखा केला जातो आणि सर्व पाहुणे तो एकाच वाडग्यातून आळीपाळीने पितात. प्रत्येक जण आपण प्यालेली कड पुसून वाडगा पुढच्यास देतो. संसर्गाची भीती लक्षात घेऊन उरासेंकेचे तेरावे प्रमुख एन्नोसाई यांनी मेइजी काळाच्या अखेरीस प्रत्येकास स्वतंत्र वाडगा देण्याची पद्धत तयार केली होती. कोविड-१९ च्या साथीत ती पुन्हा उपयोगी पडली. शेवटी कोळसे पुन्हा रचून, कोरड्या मिठाईसह फेसाळ पातळ चहा दिला जातो. त्या वेळी वातावरण सैल होते व गप्पा होतात.

पाहुण्याचे आचार

पाहुण्यांमध्ये पहिला (शोक्याकू) आणि शेवटचा (त्सुमे) या दोन जागा जबाबदारीच्या आहेत. पहिला पाहुणा सर्वांच्या वतीने यजमानाशी बोलतो आणि वस्तूंविषयी प्रश्न विचारतो. शेवटचा पाहुणा भांडी परत पोहोचवणे इत्यादी कामे पाहतो. नवख्या पाहुण्याने म्हणून मधली जागा घ्यावी, असे सांगितले जाते. शेजाऱ्याचे पाहून त्यास सर्व आचार पाळता येतात.

पातळ चहा घेण्याची सर्वसाधारण रीत पुढीलप्रमाणे आहे. तपशील घराण्यागणिक थोडा बदलतो.

१. मिठाई चहाबरोबर नव्हे, चहाच्या आधी संपवतात. चहात दूध किंवा साखर नसते. जिभेवर उरलेल्या गोडव्यावर चहाचा कडूपणा उठून दिसावा, हा हेतू असतो.

२. वाडगा समोर आल्यावर पुढच्या पाहुण्यास 'आपल्या आधी घेतो' अशा अर्थाचे 'ओसाकी नी' आणि यजमानास 'ओतेमाए चोदाई इताशिमासु' असे म्हणून वाकतात.

३. वाडगा उजव्या हाताने उचलून डाव्या तळव्यावर ठेवतात व किंचित वर धरून कृतज्ञता व्यक्त करतात.

४. वाडगा घड्याळाच्या दिशेने दोनदा थोडा फिरवतात. यजमानाने वाडग्याची दर्शनी बाजू पाहुण्याकडे केलेली असते. त्या बाजूला ओठ लागू नयेत म्हणून विनयाने ती वळवली जाते.

५. काही घोटांत चहा संपवतात. शेवटचा घोट आवाज करून घेणे येथे शिष्टसंमत असून तो चहा संपल्याचा संकेत आहे.

६. कड बोटांनी पुसून, बोटे कागदास पुसून वाडगा उलट फिरवतात. मग तो खाली ठेवून, कोपरे मांड्यांना टेकवून, खालीच धरून न्याहाळतात. हातातून निसटला तरी मौल्यवान वाडगा फुटू नये, ही त्यामागील काळजी असते.

किमोनो नेसणे पाहुण्यास बंधनकारक नाही. मात्र अंगठी, घड्याळ आणि लांब माळा काढून ठेवतात, कारण त्यांनी भांड्यांवर चरे पडू शकतात. अत्तर लावणे टाळतात. अत्तरामुळे धूप आणि चहा यांचा सुगंध हरवतो. पायात स्वच्छ, शक्यतो पांढरे मोजे असावेत. तातामीच्या किनारपट्टीवर व उंबऱ्यावर पाय देत नाहीत. पाय दुमडून टाचांवर बसण्याची 'सेइझा' ही रीत आहे. तथापि, पाय अवघडल्यास यजमानाची परवानगी घेऊन मांडी घालता येते.

शाकाहारी पाहुण्यांच्या दृष्टीने, बहुतेक पारंपरिक मिठाया घेवड्यासारख्या कडधान्याचे पुरण, तांदळाचे पीठ, साखर आणि समुद्री शेवाळापासून मिळणारे कांतेन यांच्या असतात. कैसेकी भोजनातील सार मात्र सामान्यतः सुकवलेल्या मासळीच्या अर्कावर करतात. त्यामुळे आहाराची बंधने यजमानास आधी कळवणे आवश्यक ठरते.

तत्त्वे

'वा, केइ, सेइ, जाकू' म्हणजे सुसंवाद, आदर, शुद्धता आणि शांतता ही चानोयूची चार तत्त्वे मानली जातात. 'इचिगो इचिए' म्हणजे 'आयुष्यात एकच भेट', हे सूत्रही प्रसिद्ध आहे. तीच माणसे पुन्हा जमली तरी आजची भेट परत येणार नाही, म्हणून दोघांनीही ती मनापासून घडवावी, असा त्याचा अर्थ आहे. हा विचार रिक्यूंच्या परंपरेतून आला असला, तरी तो ठसठशीतपणे मांडला तो ई नाओसुके या सरदाराने. शोगुनशाहीतील सर्वोच्च अधिकारपदी असताना १८६० मध्ये एदो किल्ल्याच्या साकुरादा दरवाजाबाहेर त्यांची हत्या झाली.

टीका

साधेपणाचा आग्रह धरणारी ही कला प्रत्यक्षात खर्चिक झाली, अशी टीका दीर्घकाळ होत आली आहे. इएमोतो पद्धतीत प्रत्येक टप्प्याचा परवाना घराण्याकडून घ्यावा लागतो व त्यासाठी शुल्क असते. लोककलांचे अभ्यासक यानागी सोएत्सू यांनी आणखी मूलभूत आक्षेप घेतला. आरंभीच्या चहागुरूंनी कोरियातील अनाम कुंभारांच्या रोजच्या वापरातील वाडग्यांत सौंदर्य ओळखले. नंतरचे रसिक मात्र वस्तूऐवजी तिचे नाव, मालकी आणि किंमत पाहू लागले, असे त्यांचे म्हणणे होते. हिदेयोशीच्या १५९२–१५९८ मधील कोरियावरील स्वाऱ्यांत अनेक कोरियन कुंभार जपानला नेण्यात आले. हागी, कारात्सू यांसारख्या, चहाविधीत मान असलेल्या मृत्तिकाशैलींच्या इतिहासात त्यांचा मोठा वाटा आहे.

एदो काळापर्यंत चानोयू हे मुख्यतः पुरुषांचे क्षेत्र होते. मेइजी काळात मुलींच्या शाळांत त्याचे शिक्षण सुरू झाले. आज विद्यार्थी व शिक्षक यांत स्त्रिया बहुसंख्य आहेत, तरी तिन्ही सेन घराण्यांचे प्रमुखपद पुरुषांकडेच राहिले आहे.

सद्यस्थिती

प्रवाशांना चहाविधीचा परिचय करून देणारी ठिकाणे जपानमध्ये अनेक आहेत. चहासाठी प्रसिद्ध असलेल्या उजी येथील नगरपालिकेचे ताईहोआन, टोकियोतील हामारिक्यू उद्यानातील तळ्यावरचे चहागृह, कानाझावातील केनरोकुएन उद्यानातील शिगुरेतेई आणि मात्सुए येथील मेइमेइआन ही त्यांपैकी काही होत. यांपैकी काही ठिकाणी संपूर्ण विधी न होता केवळ माचा आणि मिठाई दिली जाते.

अशा संक्षिप्त कार्यक्रमांमुळे चानोयू छायाचित्रापुरते उरेल, अशी चिंता काही जण व्यक्त करतात. दुसऱ्या बाजूने, बाहेरच्या माणसास सामावून घेण्यासाठी रीत बदलण्याची परंपरा र्‍यूरेईइतकी जुनी आहे, याकडेही लक्ष वेधले जाते. चार तासांचा चाजी असो वा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, पाहुण्याकडून असलेली मूळ अपेक्षा एकच राहते: समोरच्याने आपल्यासाठी केलेली तयारी लक्षपूर्वक पाहणे आणि ती पाहिल्याचे त्यास कळू देणे.

हेही पाहा

झेन
इकेबाना
कैसेकी
माचा